कानबाईमागची भिंत

घर बघायला कुणी नेलं की मी आधी मोरीत शिरायची. लोक हसायचे. म्हणायचे, "जिजी, हॉल बघा, फरशी बघा कसली आहे, तुम्ही मोरीत काय शोधताय?" मी म्हणायची, "बाबा, नवरी बघायला गेल्यावर सगळे तिचं तोंड बघतात. मी टाचा बघते. मोरी म्हणजे घराच्या टाचा." मग ते अजून हसायचे आणि मी खाली बसून, फरशीवर गोटी सोडून, पाणी कुठं धावेल ते बघायची. गोटी जाळीकडं गेली तर बरं. कोपऱ्यात जाऊन बसली तर त्या कोपऱ्याची भिंत खालून भिजलेली असणार, हे मला न बघताच कळायचं.

हे काम मी काही ठरवून घेतलं नव्हतं. आमचे मालक प्लास्टरचे मिस्त्री. धुळ्याकडून लग्न होऊन मी सुरतला आले तेव्हा पांडेसऱ्यात मिलांच्या चिमण्या होत्या आणि मधे चिखल होता. रो-हाऊसच्या ओळी आमच्या डोळ्यांसमोर उठल्या. त्यातल्या किती भिंतींना माझ्या घमेल्यातला माल लागलाय ते मी आता बोट दाखवून सांगू शकत नाही, पण लागलाय. बाईच्या हातात थापी द्यायची पद्धत नाही. माल कालव, घमेलं उचल, भिंतीला पाणी मार, एवढंच. पण कान कोण बांधून ठेवणार? प्लास्टर वाळलं की मालक थापीच्या लाकडी मुठीनं भिंत ठोकून बघायचे, आणि मी खालून सांगायची, "वर डावीकडं बोदं वाजलं, आत पोकळ आहे." एकदा ठेकेदारासमोर सांगितलं तर चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी स्वतःच म्हणाले, "चल, ऐकून सांग."

मालक गेले, थापी माझ्याकडं राहिली. गल्लीतली एक बाई घर घ्यायला निघाली होती, ती म्हणाली, "जिजी, चला ना सोबत, तुम्हाला कळतं त्यातलं." गेले. त्यानंतर दुसरीनं नेलं. मग आमच्या खान्देशी लोकांत बोलणंच झालं की घर घ्यायच्या आधी जिजीला घेऊन जा. इंजिनियर कोण बोलावणार? तो येतो, मोबाईलमधे फोटो काढतो आणि गुजरातीत काहीतरी पाठवून देतो. मी चप्पल काढून आत जायची, मोरी बघायची, सगळे नळ बंद करून पाण्याचा मीटर फिरतो का ते बघायची, आणि मग एकेक भिंत वाजवायची. खालपासून हात पुरेल तिथपर्यंत, आणि स्टुलावर चढून वरचा बीम.

वाजवायचं कशाला ते सांगते. आमच्या भागातलं बोअरचं पाणी खारं. काही बांधणाऱ्यांनी त्याच पाण्यात काँक्रीट कालवलं. मीठ आत राहतं, सळईला खात बसतं. सळई गंजली की फुगते आणि वरचं सिमेंट बाहेर ढकलते. बाहेरून रंग मारला की दिसायला काही नाही. पण मुठीनं ठोकलं की चांगली भिंत टण्ण बोलते आणि आतून सुटलेली भिंत कशी, तर रिकाम्या डब्यावर ओलं फडकं आपटल्यासारखी. एकदा ऐकलं की माणूस विसरत नाही.

आता कागदाचं. आधी मी तोंडीच सांगायची. मग काय झालं, एका घराला तीन खोल्या होत्या, एकीला कुलूप होतं. मी दोनच बघितल्या आणि तसं सांगितलंही. पुढच्या पावसाळ्यात नेमकी तिसरी गळली आणि तो माणूस आमच्या दारात येऊन असा ओरडला की गल्लीतली कुत्री गप्प झाली. माझी सून वकिलाकडं टायपिंगचं काम करते. सुरतेतच जन्मली, गुजराती फडाफडा बोलते, मला मम्मी म्हणते. ती म्हणाली, "मम्मी, आता तोंडी बंद. तुमचं काम म्हणजे जबाबदारी आहे, आणि जबाबदारी कागदावर असते."

तिनं कागद करून दिला. वर गुजराती, खाली मराठी. प्रत्येक खोलीच्या चार भिंती, छत, बीम, मोरी, धाबा म्हणजे वरची गच्ची, सगळ्याला वेगळी चौकट. मी म्हटलं, "अगं, ही पाहणी आहे का लग्नाची पत्रिका?" ती हसली नाही. तिनं मला खुणा शिकवल्या. टिक म्हणजे वाजवली आणि चांगली. फुली म्हणजे वाजवली आणि बोदी. आणि गोल म्हणजे वाजवलीच नाही, कपाट होतं, कुलूप होतं, काहीही असो. शेवटी एक ओळ: भिंतीच्या आत काय आहे त्याची जबाबदारी पाहणी करणाऱ्याची नाही. त्याखाली माझी सही. सही मी पन्नाशी उलटल्यावर शिकले, अजूनही अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडतात. दोन प्रती, एक घेणाऱ्याला, एक देणाऱ्याला. आणि एक फोटो सुनेच्या मोबाईलमधे.

"हा गोल आहे ना मम्मी," ती म्हणाली होती, "हा तुम्हाला वाचवणार. गोल काढायला लाजायचं नाही."

मी म्हटलं, "मी कशाला लाजू?"

तर ऐका आता.

एक बाई माझ्याकडं आली. भुसावळकडची, बौद्ध कुटुंबातली. नवरा डाइंग मिलमधे, ती घरी साड्यांना स्टोन चिकटवायची. चोवीस वर्षं एका भाड्याच्या खोलीत काढलेली. तिचं काम मी बघितलंय. बारीक काडीच्या टोकाला मेण लावून ती एकेक खडा उचलायची आणि साडीवर ठेवायची, बोलताना, भाजीवाल्याशी भांडताना, खाली न बघता. मी तिला म्हटलं, "बाई, तुमच्या हाताला डोळे आहेत." ती म्हणाली, "आणि तुमच्या कानाला, असं ऐकलंय." मला ती आवडली. वहीत प्रश्न लिहून आणले होते तिनं. पूर आला होता तेव्हा पाणी कुठपर्यंत चढलं होतं? धाब्यावरच्या टाकीखाली काय आहे? असं गिऱ्हाईक असलं की माझंही काम नीट व्हायचं.

घर विकणारा म्हातारा आमच्यातलाच, खान्देशी. म्हातारा-म्हातारी मुलाकडं कामरेजला राहायला निघालेले. खरेदीचा दस्तावेज त्याच आठवड्यात व्हायचा होता, नवऱ्याला मिलमधून सुट्टी रविवारचीच, आणि तो रविवार नेमका श्रावणातला कानबाईचा. म्हातारा फोनवर म्हणाला, "कानबाईना दर्शनलेच ये ना माय, मंग घर बी दखी ले." या घरातली त्यांची ती शेवटची कानबाई. नाही कसं म्हणणार?

ज्यांना कानबाई माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्यात श्रावणात देवी बसवतात. नारळाचं तोंड करून त्याला डोळे, नथ, दागिने घालतात, चौरंगावर मांडतात, पाठीमागं भारीतली साडी लावतात. सगळे भाऊबंद जमतात, गव्हाचे रोट होतात, सोमवारी सकाळी वाजतगाजत पाण्यावर बोळवायला नेतात. आणि त्याच्या आधी घराला रंग लागतो. गरिबातला गरीब असला तरी चुन्याचा हात फिरवतोच.

हाच तो रंग. दुसऱ्या कुणी भर पावसाळ्यात घराला रंग दिला असता तर मी दारातच विचारलं असतं, "काय झाकताय?" ओल्या भिंतीला श्रावणात रंग कोण देतं? पण माझ्या स्वतःच्या घराला त्याच आठवड्यात रंग लागला होता. माझ्या हाताची बोटं अजून निळी होती. मी आत गेले, नव्या रंगाचा वास आला आणि मला वाटलं, आहा, कानबाई आली.

घर माणसांनी भरलेलं. बायका पुरणाच्या चुलीभोवती, पोरं मधून मधून. मी मोरी बघितली, मीटर बघितला, आतली खोली वाजवली. थापीचा आवाज ऐकून म्हातारी पदरानं हात पुसत आली. "काय वं बहीन, मन्हा घरले खोकला व्हयना का? डाक्टरसारखी ठोकी ऱ्हायनी!" बायका हसल्या, मीही हसले. म्हटलं, "खोकला नाही, छाती मजबूत आहे तुझ्या घराची." आणि खरंच, ज्या भिंती वाजवल्या त्या चांगल्या होत्या. मी त्या बाईला प्रत्येक भिंतीचा आवाज ऐकवला. ती मान हलवून वहीत लिहीत होती.

हॉलची चौथी भिंत राहिली. तिथं देवी बसलेली.

हिरवी साडी वरच्या बीमला खिळ्यांनी ठोकून पार खालपर्यंत सोडलेली, दोन्हीकडं केळीचे खांब, समई, नारळाच्या कपाळावर मळवट. मी हात जोडले. कुंकू लावलं. ती बाई माझ्या मागं उभी होती, हळूच म्हणाली, "जिजी, ही राहिली."

मी म्हटलं, "बाई, तिथं देवी बसली आहे. देवीच्या पाठीत ठोकू का?"

तिनं देवीकडं बघितलं, वर बीमकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग तिनंही हात जोडले. ज्या बाईच्या घरात हे काही मानत नाहीत तिनं हात जोडले, आणि म्हणाली, "राहू द्या मग."

मी खाली बसले. मांडीवर कागद, बाजूला खिरीची वाटी. सगळ्या चौकटी भरल्या. हॉल, चौथी भिंत, बीम. तिथं गोल काढायचा होता. सुनेनं शिकवलेला साधा गोल. पेन टेकवलं आणि समोर देवी, समईच्या उजेडात तिचे ते मोठे डोळे. मला वाटलं, हिच्यासमोर हिच्याच भिंतीला गोल काढायचा म्हणजे हिच्यावर संशय घेतल्यासारखं होईल. आणि मनात असंही आलं, खोटं कशाला बोलू, की इतकी वर्षं जिथं कानबाई बसते ती भिंत घरातली सगळ्यात चांगलीच असणार. मी टिक केली. सही केली. एक प्रत म्हाताऱ्याला, एक त्या बाईला. खीर खाल्ली.

राहायला आल्यावर त्या बाईनंही तीच भिंत निवडली. दारातून आत आलं की समोर तीच दिसते, कुणीही तीच निवडेल. तिथं तिनं लाकडी फळी ठोकून बुद्धमूर्ती ठेवली. सकाळी आंघोळ झाली की तिथं बसून वंदना म्हणायची. दुसऱ्या पावसाळ्यात, अशीच एक सकाळ, मेणबत्ती लावायला तिनं उजवा हात पुढं केला आणि बीमच्या खालचं काँक्रीट सुटून हातावर आलं. मूर्तीला काही झालं नाही. डोक्यावर आलं असतं तर आज मी हे सांगायला बसलेच नसते.

हाताचं ऑपरेशन झालं, आत पट्टी बसवली. हात वाचला असं डॉक्टर म्हणाले. वाचला म्हणजे काय, तर आहे जागेवर. अंगठा हलतो, दोन बोटं मिटत नाहीत. मेण लावलेली काडी त्या हातात ठरत नाही.

मला सुनेनंच सांगितलं. सांगितलं आणि लगेच मोबाईलमधला कागदाचा फोटो उघडून बघितला. तिचा चेहरा उजळला. "मम्मी, टिक आहे, म्हणजे तेव्हा भिंत चांगली होती! आणि खाली ओळ आहे, भिंतीच्या आतलं आपलं नाही. तुम्हाला कुणी काही करू शकत नाही." मग तिनं मान वर केली. "वाजवली होती ना तुम्ही?"

"हो," मी म्हटलं. इतक्या पटकन मी आयुष्यात कशाला हो म्हटलं नव्हतं.

तिनं ताकीदच दिली. जायचं नाही, फोन घ्यायचा नाही, हळहळलं तरी माफ करा म्हणायचं नाही, माफी म्हणजे कबुली. ती वकिलाकडं रोज हेच ऐकते, तिची काय चूक? माझ्यावर काही येऊ नये एवढंच तिला हवं होतं. मी आठ दिवस घरात बसले. भाजी निवडताना, भांडी घासताना हात आपोआप भिंतीवर जायचा आणि ठोकून बघायचा. आमच्या घराच्या सगळ्या भिंती चांगल्या आहेत. त्याचाही राग यायचा.

मग कळलं की त्या बाईचा नवरा कामरेजला म्हाताऱ्याकडं जाऊन आला. नुकसानीचं काही मागायला नव्हता गेला तो, एवढंच म्हणायला गेला होता की बीम निदान दुरुस्त करून द्या. म्हाताऱ्यानं देवघरातून कागद काढून दाखवला. माझा कागद. देवाजवळ जपून ठेवला होता त्यानं. "जिजीना कागद शे. टिक शे. दिधं तवय बीम चांगला व्हता. आम्हना काय दोष?"

म्हणजे सुनेनं मला वाचवायला केलेल्या कागदानं म्हातारा वाचला, मीही वाचले. उरली ती एकटी.

त्या दिवशी मी सुनेला न सांगता उठले आणि त्या बाईकडं गेले. दार उघडंच होतं. हॉलच्या मधोमध दोन लोखंडी टेकू उभे, वर फळी, फळीवर तो बीम. टेकूंच्या मधून जागा काढून ती बसली होती, उजवा हात उशीवर ठेवलेला, माणूस लहान मूल बाजूला निजवतो तसा. मला बघून म्हणाली, "या जिजी. जपून, डोकं लागेल."

मी खाली बसले आणि सांगून टाकलं. "बाई, ती भिंत मी वाजवली नव्हती. बीमही नाही. टिक खोटी आहे."

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

मला वाटलं तिनं नीट ऐकलं नाही. पुन्हा सांगायला लागले, तर तिनं डावा हात वर केला. "अहो, मी तुमच्या मागंच उभी होते ना. तुम्ही टिक केली ती बघितली मी. घरी येऊन वहीतही लिहिलं. हॉल, चौथी, वाजवली नाही."

"मग बोलला का नाही त्याच वेळी?"

"जिजी, आम्ही कोण ते त्यांना माहीत होतं. घर द्यायला तयार झाले होते हेच आम्हाला पुष्कळ वाटत होतं. याआधी दोन ठिकाणी नाव ऐकून नाही म्हणाले होते लोक. भर सणात, सगळ्या भाऊबंदांसमोर, मी म्हटलं असतं की तुमची देवी बाजूला करा, भिंत वाजवायची आहे, तर मिळालं असतं हे घर?"

मी घरात शिरताना चप्पल काढते, मोरी बघते, मीटर बघते, स्टुलावर चढते. तिच्या वाटेत काय उभं होतं ते मी बघितलंच नव्हतं. माझ्या कागदात त्याला चौकट नव्हती.

मी सुनेला खरं सांगितलं. ती रडली, मग चिडली, मग दोन दिवस माझ्याशी गुजरातीतच बोलली, म्हणजे परक्यासारखी. तरी मी कामरेजला गेले. त्या बाईचा नवरा सोबत होता. म्हाताऱ्यासमोर मी म्हटलं, "भाऊ, मी खोटी टिक केली. तुझी भिंत मी वाजवली नव्हती." म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं, म्हातारीनं चहा दिला. मग तो म्हणाला, "मंग ते तुम्हना दोन्हीसना मजारलं शे, माय. मी तं कागद दखीसन इकं." म्हणजे ते आमचं दोघींमधलं, त्याचा संबंध नाही. त्याचंही खोटं नव्हतं. कागद बघून त्यानं विकलं. येताना रिक्षात तिचा नवरा एवढंच म्हणाला, "जिजी, हे तुम्ही त्या दिवशी बोलायला हवं होतं." रागानंही म्हणाला नाही. तो चिडला असता तर मला जरा बरं वाटलं असतं.

सगळीकडं बोलणं झालं. किराणा दुकानात एक जण मला ऐकू जाईल असं म्हणाला, "जिजीला नेऊ नका, ती वाजवत नाही, पूजा करते." लोक हसले. चांगला बोलला तो, दुसऱ्या कुणाबद्दल असतं तर मीही हसले असते. मला न्यायला येणारे कमी झाले. मालकांच्या वेळचे दोन जुने मिस्त्री घेऊन मी त्या घरी गेले. त्यांनी बीम बघितला, टोकरून बघितला, सळई बोटानं चुरली. म्हणाले, वरची टाकी, धाब्याचा निम्मा स्लॅब आणि बीम, सगळं उतरवून नवं घालावं लागेल. तोवर टेकू काढू नका. आणि घर उतरवलं तर हे राहणार कुठं? मी रविवारी जाऊ लागले. भाकरी टाकून द्यायची, साड्यांच्या घड्या घालू लागायची. ती डाव्या हातानं स्टोन लावायला शिकत होती. खडा उचलायची, साडीपर्यंत न्यायची आणि तो पडायचा. मग ती पुन्हा उचलायची. मी बघायची नाही.

मागच्या महिन्यात तिनंच मला निरोप पाठवला. थापी घेऊन या.

गेले तर हॉल मोकळा. टेकू नाहीत. बीमला नवं प्लास्टर, सगळ्या हॉलला पिवळा रंग. मला क्षणभर वाटलं, झालं वाटतं काम. मग तिच्या नवऱ्याकडं बघितलं, तो खाली बघत होता.

ती म्हणाली, "जिजी, घर बघायला माणसं येतायत. नंदुरबारकडची. त्यांना आवडलंय. पण ते म्हणतात, जिजीचा कागद पाहिजे. तुमचं ते खरं-खोटं त्यांच्या कानावर गेलंय, घर कुठलं ते गेलेलं नाही, म्हणूनच म्हणतात. म्हणाले, जी बाई स्वतः येऊन कबूल करते तिच्या कागदावर आमचा विश्वास आहे."

मी वरचं नवं प्लास्टर बघत होते.

ती उठली. फळीवरची मूर्ती तिनं डाव्या हातानं उचलली, छातीशी धरली आणि गादीवर नेऊन ठेवली. "घ्या, वाजवा. आमच्यात मूर्ती हलवली म्हणून काही होत नाही."

मी वाजवलं. भिंत वरच्या अंगाला बोदी होती. स्टुलावर चढून बीम वाजवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सगळा बोदा. नव्या प्लास्टरच्या आत तेच ओलं फडकं. ती खाली उभी राहून ऐकत होती. तिला आता माझ्याइतकंच कळतं, तिला सांगायची गरजच नव्हती.

कागद तिनं तयार ठेवला होता. सुनेनं केलेलाच, झेरॉक्स. मी खाली बसले. हॉल, चौथी भिंत, बीम.

"जिजी," ती म्हणाली, "तुमच्या देवीचं मी राखलं. आता माझं तुम्ही राखा."

इतकी वर्षं मी लोकांची घरं वाजवली, मला असं कुणी ठोकलं नव्हतं. मी पेन धरून बसले. मनात एकेक येत होतं. टिक केली तर ही सुटते, नंदुरबारकडची बाई या बीमखाली येते, आणि तिचा हात कसा आहे मला माहीत नाही, ती त्या हातानं काय करते तेही माहीत नाही. फुली केली तर ही इथंच राहते. म्हणजे मीच दोनदा हिला या भिंतीखाली बसवणार. एकदा खोटं लिहून, एकदा खरं लिहून.

माझं मन तिनं ओळखलं असावं. खाली बसली, हळू आवाजात म्हणाली, "टिक नको तर गोल काढा. तुम्हीच सांगितलंत ना, सुनेनं शिकवलेला गोल म्हणजे खोटं नाही. कपाट होतं म्हणा. मी कपाट आणून ठेवते."

तिचा आवाज तसाच, शांत. वहीत प्रश्न लिहून आणणारी ही बाई. मी तिच्याकडं बघूच शकले नाही.

"बाई, मी आत्ता वाजवली आहे," मी म्हटलं. "तुम्हीही ऐकलंत."

"ऐकलं."

मी फुली केली. भिंतीला एक, बीमला एक. सही केली, अक्षरं नेहमीसारखी एकमेकांवर पडली.

तिनं कागद घेतला. घडी घालायला गेली, उजव्या हाताची बोटं मिटेनात, कागद निसटला. तिनं पुन्हा धरला, पुन्हा निसटला. मी हात पुढं केला तशी तिनं तो तसाच उलगडलेला फळीवर ठेवून दिला, मूर्ती होती त्या जागी, आणि आत निघून गेली. आतून नळ सोडल्याचा आवाज आला, बराच वेळ येत राहिला.

मी थापी पिशवीत घातली आणि बाहेर आले. गल्लीत भिंतीला टेकवून ते टेकू उभे केलेले होते. तिचा नवरा त्यातला एक खांद्यावर घ्यायला बघत होता. लोखंड जड, एकट्यानं उचलत नव्हतं. मी पिशवी ओट्यावर ठेवली आणि दुसरं टोक धरलं. तो नको म्हणाला नाही. दोघांनी मिळून तो आत नेला, जुन्या खुणेवर उभा केला, आणि मी दुसरा आणायला परत फिरले.